रुमॅटॉलॉजी (सांधे आणि ऑटोइम्यून आजार) फेलोशिपला अप्लाय करायचंय, रिसर्च जवळपास शून्य, जे-वन (एक्स्चेंज) व्हिसा. काही चान्स आहे का?

पीजीवाय_टू_चालूय

नमस्कार मंडळी. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी करतोय, दुसरं वर्ष चालू आहे. कम्युनिटी हॉस्पिटल, आमच्याकडे रुमॅटॉलॉजीची फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं स्पेशालिटीचं ट्रेनिंग) नाही, रुमॅटॉलॉजिस्ट म्हणाल तर एकच मॅडम, त्यांची स्वतःची प्रॅक्टिस आहे आणि इनपेशंट कन्सल्टपुरत्या येतात. त्यांच्यासोबत इलेक्टिव्ह (आपण निवडलेलं रोटेशन) केलं आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येईना, म्हणजे आधी सगळ्यांसारखं कार्डिओ कार्डिओ चाललं होतं पण आता ठरलंय.

येत्या जुलैत ईरासवर (अर्जाचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज टाकायचा आहे. माझ्याकडे एक केस रिपोर्ट आहे, एक क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट आहे (तो पण इन्सुलिनवर, रुमशी काडीचा संबंध नाही), स्टेप्स (लायसन्सच्या परीक्षा) सगळ्या पहिल्या झटक्यात पास पण स्कोअर सांगण्यासारखे नाहीत. आमचे सीनियर म्हणतात रुम आता पूर्वीसारखं राहिलं नाही, आयएमजी (अमेरिकेबाहेर शिकलेला डॉक्टर) असशील आणि पेपर नसतील तर हॉस्पिटलिस्ट (फक्त दाखल पेशंट बघणारा डॉक्टर) हो आणि दोन वर्षांनी बघ. खरंच तसं आहे का? लेटर्स कोणाकडून घ्यायची, पर्सनल स्टेटमेंटमध्ये काय लिहायचं, किती ठिकाणी टाकायचं, आणि जे-वन असल्यामुळे काही अडतं का, जे माहीत असेल ते सांगा प्लीज. मराठीत विचारतोय कारण इंग्रजी ग्रुपवर विचारलं की लोक आधी स्कोअर विचारतात आणि मग गायब होतात.

---

अर्धा_रुमॅटो

फेलोशिपच्या पहिल्या वर्षाला आहे, आयएमजी, तुझ्यासारखंच कम्युनिटी प्रोग्राममधून आलोय, म्हणून लिहितो.

सीनियरचं अर्धं खरं आहे. अ‍ॅडल्ट रुमच्या जागा आता जवळपास सगळ्या भरतात, कुठेतरी उरलेली मिळेल या भरवशावर बसू नकोस. पण पेपर नाहीत म्हणून दारच बंद असं अजिबात नाही. हे कार्डिओ किंवा जीआय (पोटाची स्पेशालिटी) नाही रे. इथे माणूस खरंच रुमसाठी आलाय का, की दुसरीकडे जमलं नाही म्हणून वळलाय, हे बघतात. तुझ्या अर्जात आत्ता तेच दिसत नाहीये, इन्सुलिनचा प्रोजेक्ट वाचून कोणाला कसं कळणार?

म्हणून जुलैपर्यंतचे महिने त्यात घाल. पहिलं म्हणजे त्या मॅडमना जाऊन स्पष्ट सांग की मी रुमला अप्लाय करतोय, दोन चांगल्या केसेस लिहून काढायला मदत कराल का. दुसरं, अजून इलेक्टिव्ह शिल्लक असेल तर जिथे फेलोशिप आहे अशा एखाद्या युनिव्हर्सिटीत महिनाभर जाता येतं का ते तुझ्या पीडीला (प्रोग्राम डायरेक्टर) आत्ताच विचार, कारण कागदपत्रं, मालप्रॅक्टिस कव्हर, सगळ्याला वेळ लागतो आणि एप्रिलमध्ये विचारलं तर नाहीच होणार. तिसरं, एसीआरचं (अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी) वार्षिक अधिवेशन, कन्व्हर्जन्स, त्याच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टची मुदत अर्जाच्या सीझनच्या जरा आधी संपते. स्वीकारला गेला नाही तरी 'सबमिटेड' म्हणून दाखवता येतो, आणि गेला तर इंटरव्ह्यूला बोलायला विषय मिळतो.

बाकी मेकॅनिक्स: ईरासचं टोकन (नोंदणीचा कोड) ईएफडीओकडून (फेलोशिप अर्जांची कागदपत्रं बघणारं ऑफिस) घ्यायचं, जूनमध्ये अर्ज भरायला उघडतो, जुलैत प्रोग्राम्स बघायला लागतात, इंटरव्ह्यू साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, नोव्हेंबरात रँक लिस्ट (पसंतीक्रमाची यादी), आणि नोव्हेंबर अखेर किंवा डिसेंबरच्या सुरवातीला मॅचचा रिझल्ट, म्हणजे दोन्हीकडच्या याद्या जुळवून कोण कुठे ते ठरतं. प्रोग्राम्सना अर्ज दिसायला लागतात त्या पहिल्या दिवशी तुझा पूर्ण तयार असला पाहिजे. लेटर नंतर येईल, ट्रान्सक्रिप्ट नंतर येईल असं करत बसलास तर इंटरव्ह्यूच्या तारखा वाटून झालेल्या असतात.

---

रात्रपाळीवाला

मी वेगळा सूर लावतो, राग मानू नका. हॉस्पिटलिस्ट आहे, सात दिवस काम सात दिवस सुट्टी. फेलोशिप म्हणजे दोन वर्षं फेलोचा पगार, आणि बाहेर पडल्यावर रुमॅटॉलॉजिस्टला मिळतात ते साधारण हॉस्पिटलिस्टएवढेच, काही ठिकाणी कमी. प्रोसीजर नाहीत, सगळं डोकं लावायचं काम, आणि इथल्या सिस्टीममध्ये डोकं लावायचे पैसे कमी मिळतात हे सत्य आहे. वर प्रायर ऑथोरायझेशन, म्हणजे औषधाला इन्शुरन्सची आधी परवानगी. एका पेशंटला बायोलॉजिक द्यायचं तर आधी इन्शुरन्सच्या यादीतलं औषध फेल झालेलं दाखवा, मग फॉर्म, मग पीअर-टू-पीअर फोन, आणि फोनवर पलीकडे कोण, तर दुसऱ्याच स्पेशालिटीचा डॉक्टर. हे रोज करायची तयारी आहे का, ते आधी स्वतःला विचार. डोक्यावर कर्ज असेल तर दहादा विचार.

---

संधिवाली_ताई

रात्रपाळीवाले, पैशाचं तुमचं गणित बरोबर आहे, त्यात मी खोट काढणार नाही. प्रायर ऑथचं तर कमीच सांगितलंत. पण ज्याला हॉस्पिटलिस्ट व्हायचंच नाहीये त्याला पगाराची बेरीज दाखवून काय उपयोग? माझे काही पेशंट मी फेलो असल्यापासूनचे आहेत, लग्नं झाली, ल्युपस असून मुलं झाली, औषधं त्या हिशेबाने बदलली. डिस्चार्ज केलं की संपलं असं नसतं इथे. कोणाला हे आवडतं, कोणाला ओझं वाटतं, दोन्ही ठीक.

आता पीजीवाय_टू, तुझ्यासाठी. मी एका अ‍ॅकॅडमिक प्रोग्राममध्ये आहे आणि दरवर्षी अर्ज वाचते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय दिसतं ते सांगते.

लेटर्स. ईरासवर एका प्रोग्रामला चारपर्यंत लावता येतात. एक पीडीचं, ते बहुतेक सगळ्यांना लागतंच. एक तरी रुमॅटॉलॉजिस्टचं हवं आणि ते तुझ्या मॅडमचंच घे. मोठ्या नावाच्या मागे लागू नकोस. डिपार्टमेंटच्या चेअरमनचं "ही इज हार्डवर्किंग अँड पंक्चुअल" असं लेटर आलं की आम्ही पुढचं पान उघडतो. त्यापेक्षा प्रायव्हेट प्रॅक्टिसमधल्या डॉक्टरने लिहिलेलं असलं की "याने स्वतःहून गुडघ्यातलं पाणी काढलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं, मला फोन करून क्रिस्टल्स सांगितले आणि बरोबर सांगितले" तर त्या एका वाक्याला वजन असतं. म्हणून मॅडमना लेटर मागताना तू त्यांच्यासोबत बघितलेल्या तीनचार पेशंटची आठवण करून देणारा छोटा मेल पाठव, त्यांना लिहायला सोपं जातं. आणि लेटर बघण्याचा हक्क सोडून दे, वेव्ह केलेलं नसेल तर वाचणारा ते लेटर जरा कमीच धरतो.

पर्सनल स्टेटमेंट. इथे बहुतेकांचं नमनालाच घडाभर तेल जातं. आजीचे वाकडे झालेले हात, लहानपणी बघितलेल्या वेदना, डिटेक्टिव्हसारखी स्पेशालिटी. डिटेक्टिव्ह तर मी एका सीझनमध्ये इतक्यांदा वाचते की आता शब्द दिसला की डोळे आपोआप खाली सरकतात. आजी खरी असेल तर लिही, माझी काही ना नाही, पण मला तू डॉक्टर म्हणून काय केलंस ते वाचायचंय.

मागे एका अर्जात एक केस होती, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. पेशंट 'सेल्युलायटिस' म्हणून अ‍ॅडमिट, व्हँकोमायसिन चालू, ताप आहे, पाऊल लाल आणि सुजलेलं, तिसऱ्या दिवशी दुसरा घोटा पण तसाच. या रेसिडेंटने लिहिलं होतं की दोन्ही पायांना एकदम सेल्युलायटिस होणं मला पटेना म्हणून मी घोटा हलवून बघितला, कातडीला हात लावण्यापेक्षा सांधा हलवल्यावर जास्त दुखत होतं, मग टॅप केला (सुईने पाणी काढलं). पोलराइज्ड लाइटखाली सुईसारखे क्रिस्टल्स, स्लो अ‍ॅक्सिसला समांतर असताना पिवळे, आडवे फिरवले की निळे. म्हणजे युरेट, गाऊट. कल्चर येईपर्यंत अँटिबायोटिक बंद केलं नाही हेही त्याने लिहिलं होतं, कारण गाऊट सापडला म्हणून इन्फेक्शन नाहीच असं होत नाही. सगळं मिळून एक पॅरेग्राफ. त्या एका पॅरेग्राफात मला कळलं की हा पेशंटला हात लावून बघतो, दुसऱ्याचं डायग्नोसिस तसंच पुढे ढकलत नाही आणि उत्साहाच्या भरात वाहवतही जात नाही. केस साधी गाऊटची बरं का, काही दुर्मिळ व्हॅस्क्युलायटिस नाही. तुझ्याकडे पण अशी असेलच, नीट आठव.

रिसर्च. पेपरांची संख्या कोणी मोजत बसत नाही, निदान क्लिनिकल प्रोग्राममध्ये नाही. पण जे लिहिलंय त्याबद्दल बोलता आलं पाहिजे. सीव्हीवर नाव आहे आणि इंटरव्ह्यूला विचारलं की "यात तुझं काम काय होतं" तर तत-पप, हे फार वेळा होतं. तुझा इन्सुलिनचा प्रोजेक्ट लपवू नकोस, त्यात काय मोजलं, काय बदललं आणि काय फसलं हे नीट सांगता आलं तर तो रुमचा नाही म्हणून कोणी नाक मुरडत नाही. ज्यांना खरंच लॅब किंवा क्लिनिकल ट्रायल्समध्ये जायचंय त्यांची गोष्ट वेगळी, आणि तिथे व्हिसावाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, काही ठिकाणी फेलोशिपचं तिसरं रिसर्चचं वर्ष एनआयएचच्या (अमेरिकन सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) टी-३२ ट्रेनिंग ग्रँटवर असतं आणि त्याला सिटिझन किंवा ग्रीन कार्डच लागतं.

इंटरव्ह्यू आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओवरच असतात. व्हाय रुमॅटॉलॉजी, एखादी केस सांग, पाच वर्षांनी कुठे, हे ठरलेले प्रश्न. मी स्वतः एक हमखास विचारते, थकवा आहे म्हणून प्रायमरी केअरने एएनए (ऑटोइम्यून आजारांसाठीची रक्ततपासणी) केला, १:८० पॉझिटिव्ह आला, पेशंट घाबरून तुझ्यासमोर बसलाय, काय करशील? कोणी मला अँटिबॉडीजची अख्खी यादी म्हणून दाखवतात. मला ऐकायचं असतं की आधी हिस्टरी घेईन, सांधे, कातडी, तोंड, लघवी बघेन, आणि पेशंटला सांगेन की एवढ्या टायटरला (पातळीला) साधारण १३ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह येतात. १:४० ला तर तीस टक्क्यांच्या वर. हे माहीत असलेला रेसिडेंट क्लिनिकमध्ये माझा जीव वाचवतो.

---

पीजीवाय_टू_चालूय

ताई, कसे आभार मानू कळत नाही. डिटेक्टिव्ह माझ्या ड्राफ्टच्या पहिल्याच ओळीत होता, आत्ता उडवला 😅

केस आहे एक. वयस्कर बाई, डोकेदुखी, सीटी नॉर्मल म्हणून घरी सोडणार होते, मी सहज विचारलं जेवताना कसं होतं तर म्हणाल्या चावता चावता जबडा दमतो, थांबले की बरं वाटतं. जायंट सेल आर्टेरायटिस (डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांची सूज) निघाला. मॅडमनी फोनवरच सांगितलं बायोप्सीची वाट बघू नकोस, स्टेरॉइड आत्ता चालू कर, डोळा गेला तर परत येत नाही. हे लिहू का? की फार टेक्स्टबुकी वाटेल?

आणि रात्रपाळीवाले सर, राग अजिबात नाही, कर्ज आहे पण फार नाही. पैशाचं घरी बोलणं झालंय.

---

संधिवाली_ताई

टेक्स्टबुकी कसली, जबड्याचा प्रश्न तू विचारलास ना? मग तेच लिही. फक्त "आणि त्या क्षणी मला कळलं की हेच माझं आयुष्य" असं शेवटी जोडू नकोस 🙂 त्यापुढे त्या बाईंचं काय झालं ते लिही. स्टेरॉइड किती दिवस चालले, साखर वाढली का, हाडांचं काय केलं, फॉलोअपला परत भेटलास का. रुम तिथून सुरू होतं.

---

व्हिसाचा_कंटाळा

जे-वनचं मी सांगतो, यातच आयुष्य चाललंय.

जे-वनवर क्लिनिकल ट्रेनिंग एकूण ७ वर्षांपर्यंत चालतं, तुझी ३ अधिक २ म्हणजे ५, सहज बसतं. बरेच प्रोग्राम जे-वन घेतात कारण स्पॉन्सर ईसीएफएमजी (बाहेरच्या डॉक्टरांना सर्टिफाय करणारी संस्था) असतं, त्यांना स्वतःला पिटिशन करावी लागत नाही. एच-वन (नोकरीचा व्हिसा) सगळे करत नाहीत, वेबसाइटवर लिहिलेलं जुनं असू शकतं, कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा मेल टाकून विचारून घे आणि मगच पैसे भर.

लोक जे हमखास विसरतात ते म्हणजे स्टेटमेंट ऑफ नीड, मायदेशाला या स्पेशालिटीची गरज आहे असं सरकारी पत्र. रेसिडेन्सीला दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून जे पत्र आणलं होतंस ते इंटर्नल मेडिसिनचं होतं. रुमॅटॉलॉजीला नवीन लागतं. डिसेंबरात मॅच झाल्या झाल्या त्याच्या मागे लाग, कारण ते नाही आलं तर डीएस-२०१९ (जे-वनचा फॉर्म) अडतो आणि १ जुलैला तू जॉइन होऊ शकत नाहीस. मंत्रालय आहे, गोड बोलून आणि परत परत मेल करून काम होतं.

मग फेलोशिपनंतरची ओढाताण. दोन वर्षं मायदेशी जायची अट, ती नको असेल तर वेव्हर (सूट). कॉनराडमध्ये (राज्यांमार्फत वेव्हर देणारी योजना) दर राज्याला वर्षाला ३० जागा, त्यातल्या १० फ्लेक्स (तुटवड्याच्या भागाबाहेरही चालणाऱ्या), आणि ३ वर्षं तिथे काम करायचं बंधन. काही राज्यं प्रायमरी केअरवाल्यांना आधी घेतात, सबस्पेशालिस्ट मागे राहतात. पण रुमॅटॉलॉजिस्टचा तुटवडा आहे, एसीआरच्याच २०१५ च्या वर्कफोर्स अभ्यासात २०३० पर्यंत मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे जाईल असं म्हटलं होतं, आणि शहरांपासून दूर तर पेशंट तासन् तास गाडी चालवून येतात. त्यामुळे लहान गावात जायची तयारी असेल तर नोकरी मिळते. बोस्टनच पाहिजे म्हणालास तर मग बस वाट बघत.

---

अर्धा_रुमॅटो

किती ठिकाणी टाकायचं हे राहिलंच. देशभरात शंभरावर प्रोग्राम आहेत. माझं मत, जे-वन घेणारे सगळे काढ, त्यातून जिथे तू मेलो तरी जाणार नाहीस ते वगळ, बाकी सगळीकडे टाक. पैसे जातात, जाऊ दे. लोक मोठी नावं आणि समुद्रकिनारे बघून टाकतात आणि मधल्या राज्यांतले चांगले प्रोग्राम तसेच सोडून देतात, तिथे आयएमजी फेलो वर्षानुवर्षं आहेत. प्रोग्रामच्या पानावर सध्याचे फेलो कोण आहेत ते बघ, सगळं कळतं.

आणि इंटरव्ह्यूला तू पण त्यांना विचार. आठवड्यात क्लिनिक किती अर्धे दिवस, अल्ट्रासाउंड स्वतः करायला मिळतं की नुसतं मागे उभं राहायचं, प्रायर ऑथ फेलो भरतात की त्यासाठी माणूस आहे (हा प्रश्न फेलोंना एकटं गाठून विचार, फॅकल्टीला नको), स्क्लेरोडर्मा किंवा लंगवाल्यांबरोबरचं जॉइंट क्लिनिक आहे का, दोन वर्षांनी लोक कुठे जातात. मला एके ठिकाणी फेलो म्हणाला "अल्ट्रासाउंड मशीन आहे आमच्याकडे", विचारलं कुठे आहे, तर कपाटात.

---

बालविभाग

मध्येच विचारते, मी पेडियाट्रिक्सला आहे, आमच्याकडे पण असंच असतं का?

---

संधिवाली_ताई

तुमच्याकडे चित्र उलटं आहे गं. पेडियाट्रिक रुम वेगळी फेलोशिप, ३ वर्षांची, आणि तिथे जागा रिकाम्या राहतात. मुलांचे रुमॅटॉलॉजिस्ट इतके कमी आहेत की काही राज्यांत शोधून सापडत नाहीत. इच्छा असेल तर बिनधास्त ये. वेगळा धागा काढ, मी येते तिथे.

---

पीजीवाय_टू_चालूय

एक शेवटचं. समजा दहाबारा इंटरव्ह्यू आले, तर रँक करताना जिथे मला घेतील असं वाटतं ते वर ठेवायचं का? आमच्याकडे एकाने सांगितलं की सेफ जागा पहिली टाक नाहीतर हातची जाते. आणि कोणी विचारलं "आम्हाला कितवा नंबर देणार" तर काय सांगायचं?

---

अर्धा_रुमॅटो

नाही नाही नाही. तुला जे आवडलं ते पहिलं, बस. अल्गोरिदम अर्जदाराच्या बाजूने चालतो, आधी तुझ्या पहिल्या पसंतीला विचारलं जातं, तिथे नाही जमलं तर दुसऱ्या. वरती अवघड जागा टाकली म्हणून खालच्या जागेवरचा तुझा हक्क कमी होत नाही. ज्याने ही पद्धत नव्याने बसवली त्या अल्विन रॉथना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय, तुझ्या त्या मित्राला नाही.

आणि कितवा नंबर हे विचारायची प्रोग्रामला परवानगीच नाही, मॅचच्या नियमात बसत नाही. कोणी विचारलंच तर "तुमचा प्रोग्राम मनापासून आवडला, विशेषतः अमुक क्लिनिक" म्हणायचं आणि विषय बदलायचा. फोनवर गोड गोड बोलून "वुई विल रँक यू हाय" म्हणाले तरी त्या भरवशावर यादी बदलू नकोस.

---

व्हिसाचा_कंटाळा

+१. आणि एनआरएमपीचं (मॅच चालवणारी संस्था) रजिस्ट्रेशन वेगळं असतं हं, ईरासवर अर्ज टाकला म्हणजे मॅचमध्ये नाव आलं असं नाही. यादी भरून नुसती सेव्ह करायची नाही, सर्टिफाय बटण दाबायचं. नंतर काही बदललंस तर परत दाबायचं.

---

रात्रपाळीवाला

मी सांगितलेलं ऐकणार नाही दिसतंय 😄 बरं, मग इंटरव्ह्यूच्या दिवसांसाठी रोस्टर आत्ताच बघून घे. ऑगस्ट ते ऑक्टोबर आयसीयू किंवा नाइट्स लागल्या असतील तर चीफ रेसिडेंटशी बोलून आधीच्या ब्लॉकला हलव, इलेक्टिव्ह त्या तीन महिन्यांत आण. नाइट संपवून सकाळी आठला कॅमेऱ्यासमोर बसलेले लोक बघितलेत मी, प्रश्न विचारला की दोन सेकंद नुसते बघत राहतात.

---

पीजीवाय_टू_चालूय

सप्टेंबर आयसीयू आहे. चीफला आत्ताच मेसेज टाकतो.